शिकाऊ हातासाठी पोट कुणाचे?

9 ऑक्टोबर 2024 रोजी पंतप्रधानांनी महाराष्ट्रातील दहा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन दूरदृश्य प्रणालीद्वारे केले. मुंबई, नाशिक, अमरावती, गडचिरोली, बुलडाणा, वाशिम, भंडारा, हिंगोली, अंबरनाथ आणि आमचे जालना. निवडणूक तोंडावर होती, तेव्हा फलक लागले, पेढे वाटले गेले. आम्हालाही आनंद झाला, तो लपवण्याचे कारण नाही. 1 मे 1981 रोजी जन्मलेल्या या जिल्ह्याला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय मिळायला त्रेचाळीस वर्षे लागली. शंभर जागा. त्या जागांत आरक्षण आहे, म्हणजे मंठ्याच्या तांड्यावरचे, भोकरदनच्या बौद्धवाड्यातले, घनसावंगीच्या मातंग वस्तीतले पोर डॉक्टर होण्याची शक्यता कागदावर तरी निर्माण झाली. खासगी महाविद्यालयाची फी भरणे ज्यांच्या सात पिढ्यांना जमणार नाही, त्यांच्यासाठी ही गोष्ट लहान नाही.

परंतु इमारत किती मजली, वसतिगृह कुठे, अधिष्ठाता कोण याची चर्चा करणाऱ्यांनी एक प्रश्न विचारलाच नाही. ही शंभर मुले शिकणार कशावर? नेमके सांगायचे तर, कुणाच्या शरीरावर?

वाचकहो, प्रश्न चमत्कारिक वाटेल, पण या देशात वैद्यकशास्त्र शिकण्यासाठी लागणारे शरीर कुणी पुरवले याचा हिशेब एकदा मांडला पाहिजे. मेलेले शरीर पुरवले बेवारस माणसाने. 1949 च्या शरीरशास्त्र कायद्याने मुंबई राज्यात बेवारस प्रेत वैद्यकीय महाविद्यालयाला देण्याची सोय केली. बेवारस म्हणजे कोण? फलाटावर मेलेला, पुलाखाली मेलेला, गाव सोडून शहरात मजुरीला आलेला. त्याच्या आडनावाची चौकशी कुणी करत नाही, आम्हालाही करायची गरज नाही, उत्तर माहीत आहे. देहदानाची चळवळ आता वाढते आहे, चांगले आहे. पण तिच्याआधी शिक्षणाचा पाया ज्यांच्या देहावर घातला गेला, त्यांची संमती कुणी घेतली नव्हती.

आणि जिवंत शरीर पुरवले सरकारी दवाखान्याच्या रांगेतल्या बाईने. पैसेवाल्याची बायको खासगी केंद्रात जाते, तिथे वीस वर्षांचा अनुभव असलेला तज्ज्ञ तिच्या पोटावर प्रोब फिरवतो. गरिबाची बाई सरकारी रुग्णालयात जाते. तिथे आधी एक शिकाऊ पाहतो, मग दुसरा पाहतो, मग 'इकडे ये, तूपण बघ' म्हणून तिसऱ्याला बोलावले जाते. पोटावर थंडगार जेल, पदर बाजूला, सहा डोळे पडद्याकडे. तिच्या तोंडाकडे एकही नाही. तिला कुणी विचारले का, की बाई, ही मुले शिकताहेत, चालेल का? विचारले असते तर बहुतेक जणी हो म्हणाल्या असत्या. आमच्या बायका उदार आहेत. पण विचारले जात नाही.

हे फक्त आपल्याकडचे आहे असेही नाही. अमेरिकेत मॅरियन सिम्स नावाच्या डॉक्टरने 1840 च्या दशकात अलाबामात गुलाम काळ्या स्त्रियांवर, भूल न देता, पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया करून आपले तंत्र पक्के केले आणि पुढे त्याला स्त्रीरोगशास्त्राचा जनक म्हटले गेले. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कातला त्याचा पुतळा हलवायला 2018 साल उजाडावे लागले. ज्यांच्या देहावर शास्त्र घडले त्या तिघींची नावे आज जगाला माहीत आहेत, अनार्का, बेट्सी, लूसी. आमच्याकडच्या अनार्कांची नावे कुठल्या रजिस्टरात सापडतील?

आता मूळ विषयाकडे येतो. सोनोग्राफी शिकवण्यासाठी माणसाच्या शरीरासारखी मॉडेले जगात तयार होतात. त्यांना फँटम म्हणतात. शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या कपाटात जे प्लॅस्टिकचे धड असते, काळीज बाहेर काढता येते, आतडी बाहेर काढता येतात, ते हे नव्हे. ते धड डोळ्याला खरे वाटते. सोनोग्राफीच्या यंत्राला ते भिंतीसारखे आहे. सोनोग्राफी पाहते ती आवाजाने. कानाला ऐकू न येणारा आवाज प्रोबमधून आत जातो, निरनिराळ्या थरांवर आपटून परत येतो आणि परत यायला किती वेळ लागला यावरून यंत्र खोली ठरवते. माणसाच्या मऊ मांसात आवाज सेकंदाला सुमारे 1540 मीटर वेगाने जातो, असे गृहीत धरूनच जगातले प्रत्येक यंत्र गणित करते. म्हणून फँटमचा पदार्थ असा हवा की त्यातून आवाज जवळपास त्याच वेगाने गेला पाहिजे, मांसात जेवढा विरतो तेवढाच विरला पाहिजे, आणि पडद्यावर मांसासारखी दाणेदार राखाडी छटा दिसली पाहिजे. मूत्राशय काळे दिसले पाहिजे, त्याच्या मागचा भाग उजळ दिसला पाहिजे. पित्ताशयातल्या खड्यामागे काळी सावली पडली पाहिजे.

जपानमध्ये क्योटो कागाकू ही कंपनी असे गर्भाचे मॉडेल बनवते. पोटाच्या आकाराच्या भांड्यात तेवीस आठवड्यांचा गर्भ, त्याचे डोके मोजता येते, मांडीचे हाड मोजता येते, वार कुठे आहे ते पाहता येते. अमेरिकेची 'ब्लू फँटम' ही मॉडेले तर नावाप्रमाणे निळीच असतात. निळ्या रंगावर आमचे प्रेम असल्याने एवढी नोंद करून ठेवतो. अशा मॉडेलवर शिकणारा डॉक्टर शंभरदा चुकू शकतो. प्रोब उलटा धरू शकतो, कोन चुकवू शकतो, मूत्राशयाला गाठ समजू शकतो. मॉडेल ओरडत नाही, दुखत नाही, घाबरून घरी जात नाही. शंभर चुका तिथे संपवून तो माणसाकडे आला, तर त्याची एकशे एकावी चूक कदाचित होणारच नाही.

ही कल्पना नवीन नाही. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये मादाम द्यू कुद्रे नावाची सुईण होती. राजाच्या परवान्याने 1760 ते 1783 अशी वीस-बावीस वर्षे ती गावोगाव फिरली आणि खेड्यातल्या निरक्षर बायकांना बाळंतपण शिकवले. तिच्यापाशी कापड आणि चामड्याची शिवलेली बाई होती, पोटात कापडी बाळ होते, नाळ होती. तिच्या एका मॉडेलच्या आत माणसाच्या कटीची खरी हाडेसुद्धा आहेत. ते मॉडेल रूआँच्या संग्रहालयात आजही पाहायला मिळते. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांना हाताने शिकता यावे म्हणून हा खटाटोप.

आमच्या मराठवाड्यात त्या काळी सुईणपण कोण करत होते? बहुतेक गावांत मातंग समाजातली बाई. पाटलाच्या घरचे मूलसुद्धा तिच्याच हातात जन्माला येई. मूल जन्मले की हात बाटलेले, आणि बाराव्या दिवशी तीच बाई उंबऱ्याबाहेर. अडलेले मूल पोटावरून हाताने चाचपून ओळखणाऱ्या त्या बोटांतले ज्ञान कुणी लिहून घेतले नाही, कुणी तिला कापडाची बाहुली शिवून दिली नाही, कुठला राजा तिला परवाना द्यायला आला नाही. नंतर यंत्र आले. ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी 1958 साली पोटातल्या गाठी आवाजाने पाहण्याबद्दलचा निबंध प्रसिद्ध केला आणि पाहता पाहता बोटांची जागा प्रोबने घेतली. ते योग्यच झाले, आम्ही विज्ञानाच्या बाजूचे आहोत. पण ते यंत्र गावात आले नाही. तालुक्याच्या खासगी केंद्रात आले, आणि तिथे पैसे मोजावे लागतात. 2025-26 साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये होती. एका सोनोग्राफीत किती दिवसांची मजुरी जाते हे आमच्या वाचकांना आम्ही सांगायला नको. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 साली सांगितले की प्रत्येक गरोदर स्त्रीची चोवीस आठवड्यांच्या आत एक तरी सोनोग्राफी व्हावी. त्याच वर्षी केंद्राने दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर स्त्रियांच्या तपासणीचे अभियान सुरू केले. तारीख ठरली, अभियान ठरले. पण प्रोब धरणारा प्रशिक्षित हात ग्रामीण रुग्णालयात नसेल, तर 9 तारखेलाही बाईला चिठ्ठी लिहून खासगीतच पाठवले जाणार.

आणि इथे एक मोठी अडचण आहे. तिच्याकडे डोळेझाक करून हा विषय मांडणे अप्रामाणिकपणाचे होईल. सोनोग्राफीचे नाव काढले की मराठवाड्यात दुसरे नाव आपोआप येते, ते लिंगनिदानाचे. 2001 च्या जनगणनेत जालना जिल्ह्यात सहा वर्षांखालील हजार मुलांमागे 903 मुली होत्या. 2011 मध्ये 870 उरल्या. शेजारच्या बीडमध्ये तर 894 वरून 807. परळीचे 2012 चे प्रकरण कोण विसरेल? 2021 ची जनगणना वेळेवर झालीच नाही, त्यामुळे पुढच्या दहा वर्षांत काय झाले हे सांगायला सरकारने आकडाच ठेवला नाही. ही यंत्रे आणि त्यांच्यामागे बसलेले पांढरपेशे हात यांनी या जिल्ह्यातल्या मुली खाल्ल्या आहेत. त्यात सनातन पुत्रमोह आहे, हुंडा आहे, जमीन आहे. आमच्या वस्त्याही त्यापासून पूर्ण मुक्त आहेत असे आम्ही म्हणणार नाही.

म्हणून कायदा कडक आहे आणि तो तसाच राहिला पाहिजे. महाराष्ट्राने 1988 साली देशात पहिल्यांदा असा कायदा केला, 1994 मध्ये केंद्राचा झाला, 2003 मध्ये तो अधिक कडक केला गेला. नोंदणीशिवाय यंत्र विकता येत नाही, प्रत्येक गरोदर बाईचा फॉर्म एफ भरावा लागतो. कारकुनी चुकीसाठी डॉक्टरला त्रास होतो अशी तक्रार घेऊन डॉक्टरांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली, तेव्हा 2019 साली न्यायालयाने सांगितले की फॉर्म एफ ही नुसती कारकुनी नाही. आम्ही त्या निकालाच्या बाजूने आहोत.

याच कायद्याखाली 2014 साली नियम आले की साध्या एमबीबीएस डॉक्टरला सोनोग्राफी करायची असेल तर सहा महिन्यांचे, 300 तासांचे प्रशिक्षण घ्यावे लागेल आणि परीक्षा द्यावी लागेल. दिल्ली उच्च न्यायालयाने 2016 मध्ये या नियमांना धक्का दिला, सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये त्या निकालाला स्थगिती दिली. कोर्टकज्जा बाजूला ठेवा. 300 तास! हे 300 तास कुणाच्या पोटावर भरायचे? जिल्हा रुग्णालयातल्या तज्ज्ञापुढे रांग लागलेली असते, शिकवायला त्याला वेळ नाही. गरोदर बाईवर शिकवायचे तर प्रत्येक वेळी फॉर्म, प्रत्येक वेळी कायद्याची भीती. परिणाम असा होतो की शिकवणारा टाळतो, शिकणारा नोंदवहीत आकडे भरतो. लिंगनिदान करणारे मात्र कुठल्याही नोंदवहीची वाट पाहत बसलेले नाहीत. त्यांना ते आधीच येते.

मॉडेलचे खरे महत्त्व इथे आहे. मॉडेलवर शिकवताना गर्भलिंगाचा प्रश्नच उद्भवत नाही. आमची तर मागणी आहे की या देशात प्रशिक्षणासाठी जे गर्भाचे मॉडेल घेतले जाईल, त्यातल्या बाळाला लिंगाचा भागच नसावा. डोके मोजायला शिका, हृदयाचे ठोके शोधायला शिका, वार खाली आली आहे का, गर्भ नळीत राहिला आहे का, पाणी कमी आहे का हे शिका. यात बाईचा जीव वाचतो. मुलगा की मुलगी हे शिकून आजवर एकाही बाईचा जीव वाचलेला नाही. ज्या यंत्रावर हे शिकवायचे त्याची नोंदणी कायद्याप्रमाणे व्हावी, खोलीला कुलूप असावे, वापराची नोंद असावी. कायदा जराही सैल न करता 300 तासांतले कितीतरी तास अशा प्रकारे भरता येतील.

गर्भापुरतेच हे नाही. बीडच्या ऊसतोड बायकांचे प्रकरण 2019 मध्ये विधिमंडळात गाजले. चौकशी समिती बसली. 82 हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत 13 हजारांहून अधिक बायकांची गर्भपिशवी काढलेली आढळली. अनेकींचे वय पंचविशी-तिशीचे. पांढरे जाते म्हणून दवाखान्यात गेल्या, 'पिशवी खराब आहे, कॅन्सर होईल' असे सांगितले गेले आणि पिशवी काढली. कोयत्याला जाणाऱ्या या बायका कोण? दलित, बंजारा, वंजारी, भूमिहीन. जालन्याच्या अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर या तालुक्यांतूनही टोळ्या जातात. आता विचार करा, पिशवी खराब की चांगली हे ठरवताना पहिले साधन कोणते? सोनोग्राफी. लोभी डॉक्टर खोटे बोलतो, त्याला तुरुंगच हवा. पण सरकारी दवाखान्यातल्या साध्या एमबीबीएस डॉक्टरला प्रोब धरता आला असता, आणि 'बाई, हे काही नाही, औषधाने बरे होईल' असे पडद्यावर दाखवून सांगता आले असते, तर त्या तेरा हजारांतल्या किती जणी टेबलावर गेल्या असत्या? गरीब बाई दुसरा सल्ला घेऊ शकत नाही, कारण दुसरा सल्ला फुकट देणारा प्रशिक्षित माणूस तिच्या तालुक्यात नसतो. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या विधिमंडळात कामगार स्त्रीच्या बाळंतपणाच्या रजेचे विधेयक उचलून धरले होते, कारण राबणाऱ्या बाईचे शरीर हा सार्वजनिक हिताचा विषय आहे हे त्यांनी ओळखले होते. शंभर वर्षे होत आली, कोयत्याला जाणारी बाई आजही रजा मागू शकत नाही म्हणून पिशवी देऊन मोकळी होते.

मॉडेल महाग आहेत, हे खरे. परदेशी मॉडेलची किंमत लाखांच्या घरात जाते आणि संगणकाला जोडलेली सिम्युलेटर यंत्रे त्याहून कितीतरी पुढे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने प्रत्येक महाविद्यालयात कौशल्य प्रयोगशाळा सक्तीची केली आहे. पण तपासणीच्या दिवशी मांडायचे आणि नंतर प्लॅस्टिकच्या पिशवीसकट कपाटात ठेवायचे, ही सरकारी खरेदीची रीत आपल्या ओळखीची आहे. खरेदी कोण करणार याचीच दोरी आधी हाफकिनकडे, मग 2023 पासून नव्या प्राधिकरणाकडे अशी ओढली गेली. शिवाय ठेकेदार सिलिकॉनची सुंदर बाहुली आणून देईल आणि समिती ती पाहून खूश होईल. सिलिकॉनमध्ये आवाजाचा वेग सेकंदाला हजार मीटरच्या आसपास पडतो. म्हणजे यंत्राला अंतरेच चुकीची दिसणार. पाहायला गोरीगोमटी, शिकायला निकामी.

पण महाग मॉडेलवाचून अडून बसण्याचे कारण नाही. जगभरच्या डॉक्टरांनी स्वयंपाकघरातल्या वस्तूंतून मॉडेले बनवली आहेत. जिलेटिन पाण्यात विरघळवायचे, त्यात इसबगोलाची पूड घालायची म्हणजे मांसासारखी दाणेदार छटा येते, आत हातमोज्याची पाण्याने भरलेली बोटे बुडवायची, त्या झाल्या गाठी आणि शिरा. एखादा खडा टाकला की पित्ताचा खडा, सावलीसकट. जिलेटिन जनावराच्या हाडा-कातड्यापासून होते. ज्या धंद्यापायी आमच्या बापजाद्यांना गावाबाहेर ठेवले, त्याच हाडा-कातड्यातून डॉक्टरची शाळा उभी राहते हे गमतीचे आहे. मात्र जालन्याच्या उन्हाळ्यात जिलेटिन टिकणार नाही, तिशी-पस्तिशीच्या तापमानालाच ते पाघळते. तिथे अगर, म्हणजे आपले चायना ग्रास, बरे. ते एकदा थिजले की ऐंशीच्या पुढे तापमान गेल्याशिवाय वितळत नाही. पाण्यात आवाज थोडा हळू चालतो, ग्लिसरीन मिसळले की वेग मांसाच्या जवळ येतो. मात्र असे मॉडेल लवकर बुरसते, पुन्हा करावे लागते. कायम टिकणारा पदार्थ हवा असेल तर रसायनशास्त्र हवे.

आणि रसायनशास्त्र जालन्यात आहे! मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेने 2018 पासून आपला मराठवाडा परिसर जालन्यातच चालवला आहे. सळ्या आणि बियाणे यांच्या पलीकडे या जिल्ह्याला नाव मिळवून देण्याची ही संधी आहे. एका बाजूला पदार्थांचे शास्त्र शिकणारी पोरे, दुसऱ्या बाजूला डॉक्टरकी शिकणारी पोरे, एकाच गावात. दोघांची गाठ कुणी घालून दिली तर सरकारी महाविद्यालयाला लागणारी मॉडेले इथेच बनतील, मग हिंगोलीला जातील, बुलडाण्याला जातील. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून प्रकल्प द्या, गुण द्या.

मॉडेल म्हणजे माणूस नव्हे, हेही सांगून ठेवतो. मॉडेल श्वास घेत नाही, त्याच्या आतड्यात वायू नसतो, एकाच जाडीचे पोट सगळ्यांना मिळते. शेवटी डॉक्टरला जिवंत बाईपाशी यावेच लागेल, आणि तेव्हा तिला नाव विचारून, काय करतो आहे ते सांगून, तिची परवानगी घेऊन पदराला हात लावावा लागेल. हे मॉडेलवर शिकता येत नाही. शिकवणाऱ्याने शिकवावे लागते. आरक्षणातून आलेल्या आमच्या मुलांनी तरी हे विसरू नये. त्या रांगेत त्यांचीच आई उभी होती.

जालन्यात 2024 ला आलेली पहिली तुकडी साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून वर्षभराच्या इंटर्नशिपला लागेल, तेव्हा गांधीचमनच्या स्त्री रुग्णालयातल्या बायका त्यांच्या हाती येतील. तोवर वेळ आहे. पैसा जिल्हा नियोजन समितीच्या सर्वसाधारण निधीतून द्यावा. अनुसूचित जाती उपयोजनेला हात लावू नये. 2025 मध्ये सामाजिक न्याय खात्याचा निधी लाडक्या बहिणीकडे कसा वळवला गेला ते सर्वांनी पाहिले आहे आणि 'दलित स्त्रियांच्याच भल्यासाठी' म्हणून तोच खेळ इथेही होऊ शकतो. जिल्ह्यातल्या कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकाराखाली एक साधा अर्ज टाकावा. महाविद्यालयाच्या कौशल्य प्रयोगशाळेत सोनोग्राफीची किती मॉडेले आहेत, ती कोणत्या पदार्थाची आहेत, गेल्या वर्षभरात किती विद्यार्थ्यांनी किती तास ती वापरली, आणि ज्या कपाटात ती ठेवली आहेत त्याची किल्ली कुणाकडे असते.